वृद्धाश्रमाचं दप्तर: बेने इस्रायल समाजाच्या एका संस्थेचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका ज्यू वृद्धाश्रमाचं आहे. विश्वस्तांच्या विनंतीवरून संस्थेचं नाव, गाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दप्तराची छाननी, यादी आणि पुढची सोय या कामात मी होते. जुन्या छोट्या संस्थांच्या विश्वस्तांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून रायगडात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अठराव्या शतकापासून ही कुटुंबं मुंबईत येऊ लागली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. माणसं शहरात आली तरी आडनावं गावांचीच राहिली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर.

हा समाज पैसेवाला नव्हता. ससूनांसारखे बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले, ज्यू व्यापारी वेगळे. पुण्यात आज 'निवारा' म्हणून लोकांना माहीत असलेलं डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह त्यांच्या नावाने उभं आहे आणि त्याचं दार सर्वांना उघडं आहे. बेने इस्रायल मात्र बहुतेक नोकरदार: कारकून, रेल्वेतले, पलटणीतले, शिक्षक, नर्स. आपला वृद्धाश्रम त्यांनी चार आणे, आठ आणे अशा मासिक वर्गण्यांवर उभा केला, तो स्वातंत्र्याच्या आधी. तेव्हा हेतू साधा होता: ज्याला कुणी नाही त्याला दोन वेळचं जेवण, शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा आणि शेवटी रीतसर दफन मिळावं.

१९४८ नंतर चित्र पालटलं. इस्रायल स्थापन झालं आणि तरुण कुटुंबं जाऊ लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात पंचवीस हजारांच्या आसपास ज्यू होते, आज पाच हजारही नाहीत. सगळ्यांचं तिथे बस्तान बसलं असंही नाही. १९५२ मध्ये काही कुटुंबं भारतात परत आली. पण एकूण ओघ तिकडेच होता आणि त्यात म्हातारी माणसं मागे राहिली. कुणाला समुद्र ओलांडायचा नव्हता, कुणाला नवऱ्याची कबर सोडवत नव्हती, कुणाला 'घर मिळालं की बोलावतो' असं सांगितलेलं होतं. निराधारांसाठी काढलेलं घर बघता बघता मागे राहिलेल्या आईवडिलांचं घर झालं.

दप्तरात काय होतं

दोन लोखंडी कपाटं आणि पोटमाळ्यावरच्या ट्रंका. प्रवेश नोंदवह्या, सभावृत्तांच्या वह्या, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावण्या (नावानावाने खाती असलेल्या वह्या), देणगी पावत्यांच्या स्थळप्रती, पत्रव्यवहाराच्या फायली, डॉक्टरांच्या भेटीची वही, दफनखर्चाच्या वह्या आणि एक खोकंभर फोटो. भाषा बहुतेक मराठी. सरकारी आणि बँकेचा पत्रव्यवहार इंग्रजीत, मधूनमधून हिब्रू.

रोजकीर्दीला कुणी इतिहास म्हणत नाही, पण या घराचं रोजचं जगणं तिथेच सापडतं. शुक्रवारच्या खर्चात मनुका हटकून दिसतात. किडूशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, द्राक्षाची वाइन परवडत नसे, मिळतही नसे. मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत हीच बेने इस्रायलांची रीत. पावसाळ्यात एका ठरावीक सुमारास वालाची खरेदी वाढते. तो बिरड्याचा रोजा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचं दुःख पाळणारा हा उपास कोकणात वालाच्या बिरड्यावर सोडतात. ज्याला हे माहीत नाही त्याला ती ओळ म्हणजे वाण्याचं बिल.

प्रवेश नोंदवहीचे रकाने असे: नाव, वय, मूळ गाव, नात्यातले कोण, प्रवेशाचे कारण, सोबतचे सामान, शेरा. १९५० च्या दशकातली एक नोंद इथे देते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरलं. सत्तरीच्या एका विधवा बाईंचं सामान: पत्र्याची ट्रंक एक, नऊवारी लुगडी दोन, चांदीचा किडूशचा पेला एक, चष्मा, काडी मोडलेली, प्रार्थनेचं पुस्तक. प्रवेशाचे कारण: 'मुलगे दोन. दोघेही इस्रायलास गेले. पत्र नाही.'

समस्या

इमारत जुनी झाली होती. राहणारी माणसं मोजकीच उरली होती. विश्वस्तांनी पुनर्विकासाचा निर्णय घेतला आणि मधल्या काळासाठी सगळ्यांना भाड्याच्या जागेत हलवायचं ठरलं. तिथे कपाटांना जागा नव्हती. विकसकाने जागा मोकळी करून देण्याची तारीख ठरवून दिली होती आणि ती पावसाळ्याच्या तोंडावर होती. पोटमाळ्यावर गळती होतीच. खालच्या थरातल्या वह्यांना वाळवी लागली होती, वरच्यांना कसर.

त्याच सुमारास दोन पत्रं आली. एक जेरुसलेममधल्या एका अभिलेख संस्थेचं: प्रवेश नोंदवह्या आणि सभावृत्तं आम्हाला द्या, आम्ही नीट जपू. हिशेबाच्या वह्यांमध्ये त्यांना रस नव्हता. दुसरं पत्र इस्रायलमधल्या अश्दोदच्या एका बाईचं. तिच्या आजीची कबर कुठे आहे आणि पणजीचं नाव काय, हे तिला हवं होतं. वडील गेल्यावर त्यांच्या कागदांत तिला या घराच्या पत्त्याचं एक जुनं पाकीट सापडलं होतं. आजी शेवटपर्यंत नातेवाइकांकडे होती असं वडिलांनी तिला सांगितलं होतं. तिची आजी म्हणजे चष्म्याची काडी मोडलेल्या त्या बाई.

विश्वस्तांत तीन तट पडले. अध्यक्षांचं म्हणणं, सगळं जेरुसलेमला द्यावं, इथे दहा वर्षांनी बघायला कोण असणार? खजिनदारांच्या मते नोंदवह्या ठेवाव्या, हिशेबाच्या वह्या रद्दीत द्याव्या, कारण हिशेब-तपासणी होऊन जमाना झाला. आणि एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, प्रवेशाची आणि डॉक्टरांची वही जाळून टाका. त्यांचा राग समजून घेण्यासारखा होता. त्यांची स्वतःची मावशी इथे वारली होती. शिवाय १९६२ ते १९६४ हा काळ त्यांना आठवत होता. इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला होता आणि तो मागे घेईपर्यंत समाजाला आंदोलन करावं लागलं. त्या वर्षांच्या पत्रव्यवहारात दाखल्यांच्या नकला मागणारी पत्रं सापडलीच. "आमची माणसं ज्यू आहेत की नाही हे कुणीतरी परक्याने आमच्याच वहीतून ठरवायचं," असं ते म्हणाले. बैठकीत त्यावर कुणी लगेच बोललं नाही.

कोणते पर्याय होते

जेरुसलेमचा पर्याय वरवर सगळ्यात सोपा होता. तिथे तापमान सांभाळणारी जागा आहे, हिब्रू जाणणारी माणसं आहेत, वंशजही तिथेच आहेत. पण दोन अडचणी होत्या. पहिली कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोल असलेली आणि किमान ७५ वर्षं जुनी हस्तलिखितं व दस्तऐवज पुरावस्तू ठरतात. ती खाजगी संस्थेला परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाहीत. सर्वात जुन्या वह्या या वयाच्या झालेल्या होत्या. दुसरी अडचण वाचनाची. ही वही मराठी आहे. कारकुनी मराठी, घाईचं वळण, गावांची नावं, 'ह.' म्हणजे हस्ते आणि 'बा.' म्हणजे बाबत. ती वाचणारी माणसं जिथे जास्त, तिथे मूळ प्रत असावी, असं माझं ठाम मत होतं आणि आहे.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे विचारावं, ही सूचना आली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती उत्तम होती. पण घरातल्या माणसांच्या आजाराच्या नोंदी सरकारी जागेत जाणं विश्वस्तांना नको होतं आणि त्यावर फार वेळ गेला नाही.

तिसरा पर्याय, मूळ दप्तर मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेव म्हणून ठेवायचं, मालकी संस्थेची, छायाप्रती जेरुसलेमला. चौथा, सगळं आपल्याजवळ ठेवायचं आणि नव्या इमारतीत एक खोली राखायची. खोलीचा विचार मनाला बरा वाटणारा होता, पण नवी इमारत उभी राहीपर्यंतचे पावसाळे वह्या कुठे काढणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

वाळवी लागलेलं दप्तर अखेर वाचलं ते एका अगदी व्यवहारी कारणाने. सार्वजनिक विश्वस्त संस्थेला आपली स्थावर मिळकत विकताना किंवा बदल्यात देताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. वकिलांनी मिळकतीचे जुने ठराव मागितले. तेव्हा एका जुन्या सभावृत्तात सापडलं की इमारतीची मागची बाजू एका देणगीदाराने 'वृद्ध स्त्रियांच्या राहण्यासाठीच' या अटीवर बांधून दिली होती. नव्या आराखड्यात तिथे दुकानाचे गाळे होते. अट आधी कळली म्हणून आराखडा बदलता आला, नाही तर प्रकरण कोर्टात गेलं असतं. त्या दिवसापासून 'जाळून टाका' आणि 'रद्दीत द्या' हे शब्द बैठकीत ऐकू आले नाहीत.

काय केलं

सर्वात आधी वह्या खाली उतरवून, जशा क्रमाने होत्या तशाच क्रमाने नव्या खोक्यांत घातल्या. स्वयंसेवकांचा आग्रह होता की सालवार लावू. तो मोडून काढावा लागला. कोणती फाइल कोणत्या वहीशेजारी होती, यावरूनच पुष्कळदा ती कशासाठी ठेवली होती हे कळतं. खोक्यांवर आणि पानांवर क्रमांक फक्त शिसपेन्सिलीने. ओल्या वह्या पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवल्या, उन्हात नाही. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्हींना सक्त मनाई. मागे कुणीतरी मायेने सेलोटेप लावलेली पानं तिथेच पिवळी पडून तुटली होती.

हिब्रू मजकुराची सुटी पानं, फाटकी प्रार्थनापुस्तकं हिशेबाच्या कागदांत मिसळली होती. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नसतो, त्याचं दफन करतात. हे धर्मकृत्य यादी होण्याच्या आधी उरकावं असा एका गटाचा आग्रह होता. मार्ग असा निघाला: प्रत्येक पान आधी पाहायचं. ज्याच्यावर हाताने लिहिलेली काहीही नोंद आहे, जन्मतारीख, मृत्युतिथी, नाव, ते दप्तरात राहील. बाकीचं विधिवत कब्रस्तानात जाईल. हजानांनी, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांनी, स्वतः बसून पानं वेगळी केली. मलपृष्ठांच्या आतल्या बाजूला घराण्यांच्या जन्मतिथी सापडल्या, त्या या धिम्या कामामुळेच.

नावांची सूची हे सगळ्यात जिकिरीचं काम निघालं. एकच माणूस सिनेगॉगच्या कागदावर सॅम्युएल, नोंदवहीत सामाजी. अब्राहमचा आबाजी. बाई कागदावर रिबेका, घरात सकूबाई, आणि आडनाव कधी माहेरचं, कधी सासरचं. आडनावावरून शोधावं तर एकाच गावाचे लोक सगळे एकाच आडनावाचे. आम्ही प्रत्येक नोंदीला मूळ गाव, वडिलांचं नाव आणि घरातलं नाव असे तीन जोड दिले. घरात राहणाऱ्या एका नव्वदीच्या मावशींची इथे फार मदत झाली. रोज दुपारी चहानंतर वहीतली नावं त्यांना वाचून दाखवायची. "अगं, ही आमच्या आत्याची जाऊ. हिला सगळे ताईबाय म्हणत. ट्रंकेला कुलूप कधी लावायची नाही," असं त्या सांगत. असं बरंच काही, कुठल्याच रकान्यात न मावणारं, त्यांच्या तोंडून टिपून घेतलं.

निर्णयाचा क्षण: ते पान पाठवायचं का?

अश्दोदच्या बाईला काय उत्तर द्यायचं, यावर विश्वस्तांची स्वतंत्र बैठक झाली. 'पत्र नाही' हे शब्द तिच्या मेलेल्या वडिलांवर आरोप करत होते. एक मत होतं, नाव, वय, मृत्युदिन आणि कबरीचा क्रमांक एवढाच उतारा द्यावा. दुसरं, पूर्ण पान द्यावं, आपण कोण लपवणारे? मी असं सुचवलं की उत्तर देण्याआधी त्या आजींचं नाव बाकीच्या दप्तरात शोधू. एका रकान्यावरून माणसाचं शेवटचं आयुष्य ठरवणं मला पटत नव्हतं.

शोध लागला तो रद्दीत जाणार होत्या त्या खतावणीत. प्रवेशानंतर दीड-दोन वर्षांनी आजींच्या नावे जमा दिसू लागली: पंधरा रुपये, कधी दहा, 'मुलाकडून, ह.' आणि पुढे मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव. पुढची काही वर्षं ही रक्कम येत राहिली. परकीय चलनावरच्या निर्बंधांच्या त्या काळात इस्रायलहून थेट पैसे पाठवणं सोपं नव्हतं. तिथेही टंचाई आणि शिधावाटप होतं. कुणाच्या तरी हस्ते पाठवणं हाच मार्ग उरतो. पत्रव्यवहाराच्या फायलीत मुलाचं मराठीत लिहिलेलं एक पत्रही मिळालं, आईला घेऊन यायला किती खर्च येईल हे विचारणारं. शेजारी चिटणिसांच्या उत्तराची कार्बन प्रत होती: बाईंची प्रकृती प्रवासाची नाही.

नोंदवहीतलं 'पत्र नाही' ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी खरं होतं. पण ती वही एकटीच जेरुसलेमला गेली असती आणि खतावणी वाण्याच्या पुड्यांना गेली असती, तर त्या कुटुंबाच्या वाट्याला फक्त तेवढंच वाक्य आलं असतं. दप्तर तोडायचं नाही, एकाच ठिकाणी अखंड ठेवायचं, हा निर्णय खरा इथे झाला. त्याच बैठकीत एकमताने.

चिटणिसांनी तिला फोन केला. ती मोडकं मराठी बोलते, बाकी इंग्रजीत. त्यांनी सरळ सांगितलं की नोंदीत प्रवेशाचं कारण कठोर शब्दांत आहे, नंतरच्या वह्यांत वेगळी हकीकत आहे. तुला नुसता उतारा पाठवू, की सगळी पानं? तिने विचार करायला वेळ मागितला आणि मग सगळी पानं मागितली. ती एकत्र, एकाच पाकिटात, तारखेच्या क्रमाने पाठवली. पुढच्या वर्षी ती भारतात आली, कबरीवर जाऊन आली, आणि कोरलेलं नाव पुसट झालं होतं ते पुन्हा कोरून घेतलं.

निष्पत्ती

मूळ दप्तर मुंबईतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयात ठेव म्हणून आहे. मालकी विश्वस्त संस्थेची, आणि लेखी कळवल्याशिवाय एकही वही हलवायची नाही असा करार आहे. सर्व वह्यांच्या छायाप्रती जेरुसलेमला दिल्या, हिशेबाच्या वह्यांसकट. त्यांनीही नंतर त्या आनंदाने घेतल्या. डॉक्टरांच्या वहीच्या प्रती मात्र दिलेल्या नाहीत. ती शेवटच्या नोंदीपासून ७५ वर्षं बंद राहील.

प्रवेश नोंदवहीबाबत नियम असा: नाव, गाव, तारखा आणि कबर ही माहिती मागेल त्याला मिळते. 'प्रवेशाचे कारण' आणि 'शेरा' हे रकाने फक्त थेट वंशजांना, आणि तेही त्या व्यक्तीबद्दल इतर वह्यांत जे सापडेल त्याच्यासोबत. नुसतं ते पान कुणालाच दिलं जात नाही. हा नियम विश्वस्तांवर कामाचा बोजा टाकतो, प्रत्येक मागणीला शोधाशोध करावी लागते. तरी तो योग्य आहे. ज्या ज्येष्ठ विश्वस्तांना वह्या जाळायच्या होत्या, त्यांनीच त्याचा मसुदा लिहिला. इस्रायलच्या नागरिकत्वासाठी वंशाचा पुरावा मागणाऱ्या अर्जांना फक्त संबंधित कुटुंबामार्फत उत्तर दिलं जातं, परदेशी कार्यालयाला परस्पर नाही. ही अटही त्यांचीच.

वेगळं काय करता आलं असतं

मावशींना पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. वह्यांची आवराआवर आधी आणि माणसं नंतर, असा क्रम लागला आणि फोटोंच्या खोक्यापर्यंत येईतो त्यांची नजर अधू झाली. जिवंत स्मरण असलेलं माणूस घरात असताना कागदांनी थांबायला हवं.

पावत्यांच्या स्थळप्रतींचा मोठा गठ्ठा विकसकाच्या माणसांनी जागा मोकळी करताना परस्पर भंगारवाल्याला दिला. देणगीदारांची पूर्ण यादी आता कधीच होणार नाही. कोणत्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, याची लेखी यादी चावी देण्याआधी विकसकाला द्यायला हवी होती. पुनर्विकासाच्या करारात दप्तराचं एक कलम घालणं अवघड नाही.

आणि कुणाला काय दाखवायचं याचे नियम छायाचित्रणाच्या आधी ठरायला हवेत. इथे प्रती आधी काढल्या गेल्या, नियम नंतर आले. मधल्या काळात स्वयंसेवकांच्या फोनमध्ये डॉक्टरांच्या वहीची पानं होती. ती प्रत्येकाकडून समोर बसवून पुसून घ्यावी लागली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यावर ही जबाबदारी आणखी वाढली आहे, कारण शेवटच्या काही वह्यांतली माणसं आज हयात आहेत.

फोटोंचं खोकं अजून तसंच आहे. प्रत्येक फोटोमागे क्रमांक पडला आहे, बऱ्याच चेहऱ्यांना नाव नाही. अश्दोद, लोद, दिमोना आणि बेर्शेबाच्या बेने इस्रायल मंडळांना प्रती पाठवायचं ठरलं आहे. नावं ओळखणाऱ्यांनी नुसतं नाव न लिहिता 'कुणी ओळखलं, कशावरून' हेही लिहावं, असा तक्ता सोबत जाईल.